पुढच्या माणसाची फुंकर

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर कधी लावावा लागला नाही. पलीकडच्या खोलीत धाकट्या भावाचा खोकला सुरू झाला की ती उठायची, त्याच्या पाठीमागे उशा लावून त्याला बसवायची आणि पंजा खोलगट करून त्याची पाठ खालून वर थोपटायची. छातीतलं सुटेपर्यंत. हात भरून आला तरी मध्ये थांबायचं नाही. थांबलं की अर्धवट वर आलेलं परत खाली बसतं आणि केलेली मेहनत वाया जाते. मग चहा, त्याच्या गोळ्या, हाताशी पाण्याची बाटली, आणि तीन जिने उतरून बस.

ती त्याला 'धाकट्या' म्हणायची. तो तिला ताई म्हणायचा, आणि रागात असला की ताईसाहेब. आईवडील गेल्यावर दोघंच उरले होते. लग्नं राहून गेली. तिचं जमता जमता राहिलं, आणि त्याचं तिच्या जमण्याची वाट बघता बघता. ताईला शिकता यावं म्हणून धाकट्याने शाळा सोडली, असं नातेवाईक पुढे कौतुकाने सांगत. तो ते ऐकून हसायचा. "मी कुठे सोडली? शाळेनेच मला सोडलं," म्हणायचा.

तो फाउंड्रीत लागला, घासाईला. ओतीव लोखंडाचा तुकडा साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या कडांना जादा लोखंड आणि अंगाला वाळू चिकटलेली असते. ती फिरत्या चाकावर घासून काढायची. नुसत्या हाताने धरून भागत नाही, तुकडा पोटाने रेटावा लागतो. ठिणग्या उडतात त्यांची भीती कुणालाच नसते, कारण त्या दिसतात. जे दिसत नाही ते आत जातं. एका मोटरीच्या दांड्याला दोन टोकांना दोन चाकं, दोन चाकांवर दोन माणसं. दांडा एकच असल्यामुळे एकाने मोटर बंद केली की दुसऱ्याचंही काम थांबतं. म्हणून घासाईवाले पाणी प्यायला जोडीने जातात, लघवीला जोडीने जातात आणि कुठल्याही रांगेत एकामागे एक उभे राहतात. धाकट्याच्या दुसऱ्या चाकावर जो होता त्याला सगळे जोडीदार म्हणत, त्याची बायकोसुद्धा. रांगेत धाकटा पुढे, जोडीदार मागे. ते कधी बदललं नाही.

ताईचा कारखाना लहान होता. तिथे छातीची ताकद मोजायचं यंत्र बनायचं. नळी तोंडात धरायची, सगळा दम लावून फुंकायचं, आणि आकडा शेजारच्या कॉम्प्युटरवर यायचा. यंत्राचं छापलेलं नाव लांबलचक होतं. कामगार त्याला फुंकणी म्हणत. फुंकणी यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडलेली असे, आणि कॉम्प्युटरच्या आत एक दुभाषा बसवलेला असे. तो यंत्राला विचारतो, उत्तराची वाट बघतो, उत्तर आलं की आत पोचवतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. फुंकणीचा ड्रायव्हर तिने लिहिला होता. एकटीने.

खुर्चीत बसून होतं ते काम नव्हे, असं मानणारे पुष्कळ असतात. त्यांनी तिच्या शेजारी एक पाळी बसून बघावं. ड्रायव्हरच्या कामात निम्मं काम वाट बघण्याचं असतं. कशाची, किती, आणि उत्तर आलंच नाही तर पुढे काय, हे आधी ठरवावं लागतं. मालक नवीन माल पाठवायची घाई करू लागला की ती म्हणायची, "थांबा." विक्रीचा माणूस आला की, "थांबा." कारखान्यात तिला थांबाबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. थांबा म्हणायचाच तिला पगार आहे, असं ती सांगायची.

धाकट्याच्या फाउंड्रीनेही फुंकणी घेतली तेव्हा त्याने चाकावरच्या सगळ्यांना बजावलं होतं, आमच्या ताईचं यंत्र आहे, नीट फुंका. दर दोन वर्षांनी तपासणी असायची. ज्याचा आकडा ठरलेल्या रेषेखाली जाईल त्याला धुळीतून काढायचं, हलकं काम द्यायचं, आणि गेलेल्या छातीची भरपाई दर महिन्याला सुरू करायची, असा नियम होता. त्या तपासणीत धाकट्याचा आकडा चांगला आला. जोडीदाराचा वाईट आला. जोडीदाराला गेटवर खुर्ची मिळाली. धाकट्याला त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला नवीन माणूस मिळाला आणि तो आणखी दीड वर्ष घासत राहिला. जिना चढताना दम लागतो म्हणायचा, पण आकडा चांगला होता, मग वयाने होत असेल असं दोघंही धरून चालली. मग एका दुपारी तो चाकापुढेच खाली बसला आणि परत उठून उभा राहिला नाही.

भरपाईच्या कचेरीने अर्ज फेटाळला. दीड वर्षापूर्वी छाती चांगली होती, एवढ्या थोड्या काळात धुळीने एवढी जात नाही, तेव्हा कारण दुसरं काही असणार. ताईने अपील केलं. हिवाळ्याआधी नवा पुरावा आणा, असं कचेरीने कळवलं. पुरावा कुठे होता? ताई स्वतः त्या आकड्यावर विश्वास ठेवून होती. यंत्र तिचं होतं.

त्याच सुमाराला ती तक्रार आली. मालकाने ती सगळ्यांना हसत सांगितली. एका रंगाच्या कारखान्यातल्या नर्सचा फोन होता की माणूस फुंकायच्या आधीच आकडा येतो. "आपली फुंकणी आता भविष्य सांगायला लागली," मालक म्हणाला. "किंमत वाढवली पाहिजे." जोडणीच्या बायका हसल्या. ताईने फोन नंबर मागून घेतला.

नर्स नेमकं बोलणारी होती. ती म्हणाली, बटण दाबलं की मी माणसाकडे बघते, फुंक फुंक म्हणते, स्क्रीनकडे माझं लक्षच नसतं. वर बघेपर्यंत आकडा आलेला असतो. पण त्या दिवशी समोरचा बाबा नळी पुसत बसला होता म्हणून माझी नजर स्क्रीनवर गेली. बटण दाबल्याबरोबर आकडा आला. त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. ताईने विचारलं, पुढे काय केलं? नर्स म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत वायर काढून परत घातली, मग ठीक झालं.

ताई कामाला लागली. आठवडेच्या आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. आधी वायर बदलली. मग यूएसबीची खोबण बदलली. मग कॉम्प्युटर बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं होतं तसं ठेवायचं. दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही आणि दोन्ही मेहनती फुकट जातात. यंत्र तपासायला कारखान्यात मोटरीवर चालणारी मोठी पिचकारी होती, ती नळीत ठरावीक हवा सोडायची. दिवसभर पिचकारी फुंकायची आणि ती प्रत्येक आकड्याकडे बघायची. एकही चुकला नाही. ड्रायव्हरच्या आत काय चाललंय ते दिसावं म्हणून तिने प्रत्येक पावलाची वेळ स्क्रीनवर छापायला लावली. ओळी धावत राहिल्या. विचारलं, उत्तर आलं. विचारलं, उत्तर आलं. पिचकारी थकत नाही आणि तिला खोकला येत नाही. ताईने जोडणीच्या बायकांना फुंकायला लावलं. त्या हसत हसत फुंकायच्या, सगळ्यांच्या छात्या ठणठणीत. आकडे बरोबर. मालकाने एक दिवस टेबलाशी उभं राहून म्हटलं, "बाई, तुम्ही भूत शोधताय. त्या नर्सला चष्मा लागला असेल." तिने हात टेकले होते, पण बोलून दाखवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ती फुंकणी पिशवीत घालून घरी घेऊन आली. टेबलावर मांडली, लॅपटॉपला जोडली आणि स्वतः फुंकत बसली. धाकटा खिडकीशी बसून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "आण इकडे. फुंकायचा अनुभव कुणाला आहे या घरात?"

तिने नळी त्याच्या हातात दिली. बटण दाबलं. तो फुंकला. त्याची फुंकर निघायलाच वेळ लागत होता. अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा बारीक शिट्टी वाजवत येत होती आणि संपत नव्हती. ती संपायच्या आत स्क्रीनवर अक्षरं आली की यंत्राने उत्तर दिलं नाही.

"मला बघून मेलं ते," धाकटा म्हणाला.

तिने स्वतःसाठी बटण दाबलं. नळी अजून तिच्या हातातच होती. आकडा आला. खालच्या रेषेच्याही खालचा, मरायला टेकलेल्या माणसाचा आकडा. ती तशीच बसली. मग नळी तोंडात धरून फुंकली, कारण आता पुढचं पाऊल बघायला हवं होतं. नळी परत त्याच्याकडे दिली आणि बटण दाबलं. त्याने ओठ लावायच्या आधी स्क्रीनवर आकडा उभा होता. चांगला, ठणठणीत. तो तिचा होता.

तिला सगळं एकदम कळलं. असं कळतं तेव्हा आनंद व्हावा, इतक्या आठवड्यांच्या कष्टाचं चीज. तिने मात्र नळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही आकडे कागदावर उतरवले.

झालं होतं ते असं. पूर्वी एखादा दमेकरी हळू फुंकू लागला की स्क्रीन अडून बसायचा, आणि ठिकठिकाणच्या नर्सा कुरकुर करायच्या. मालकाने सांगितलं होतं की वाट बघायचा वेळ कमी करा. ती थांबा म्हणाली होती, पण फार ताणलं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने तो वेळ कमी केला होता. वेळ संपला की ड्रायव्हर आपली रिक्वेस्ट, म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न, मागे घ्यायचा. कॉम्प्युटरपुरती ती मेली. पण यंत्राला ते कुणी कळवलं नव्हतं. यंत्र बिचारं फुंकर संपेपर्यंत थांबायचं, हिशेब करायचं आणि उशिरा का होईना उत्तर दाराशी आणून ठेवायचं. पुढच्या माणसासाठी बटण दाबलं की दाराशी ठेवलेलं तेच उत्तर आत उचललं जायचं. त्या माणसाचं उत्तर त्याच्या मागच्याला. त्याचं त्याच्या मागच्याला. वायर काढेपर्यंत सगळी रांग एकेक घर मागे सरकायची, आणि जो तो आपल्या पुढच्या माणसाची फुंकर घेऊन घरी जायचा. रांगेत एक तरी छाती गेलेला माणूस असल्याशिवाय हे सुरूच होत नव्हतं. पिचकारीला ते कधी सापडणार नव्हतं. जिथे यंत्राची खरी गरज होती तिथेच ते चुकत होतं.

धाकटा फारसा शिकला नसला तरी बावळट नव्हता. त्याने दोन्ही आकडे बघितले, तिचा चेहरा बघितला.

"त्या तपासणीला माझ्या पुढे क्रेनवाला होता," तो म्हणाला. क्रेनवाला वर आभाळात बसून काम करणारा, धुळीशी त्याचा संबंध नाही. मग खिडकीबाहेर बघत धाकटा म्हणाला, "मागे जोडीदार होता."

सोमवारी ती मालकाच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मालक माणूस वाईट नव्हता. त्याला ते पहिल्या सांगण्यातच समजलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, दुरुस्तीला किती दिवस. ती म्हणाली, झाली आहे. आता प्रत्येक प्रश्नाला नंबर आहे, तोच नंबर उत्तरावर असला तरच ते आत घ्यायचं, नाहीतर फेकून द्यायचं. मालक म्हणाला, मग आजच सगळीकडे पाठवा.

"आणि मागचे आकडे?"

"कुठल्या रांगा सरकल्या ते सांगता येईल?"

"नाही."

"किती माणसं?"

"नाही."

"मग मी कुणाला काय लिहू, बाई?" मालक हळू आवाजात म्हणाला. "आमच्या यंत्राने दिलेला कुठलाही आकडा खरा असेल किंवा नसेल, असं? दुसऱ्या दिवशी इथे कुलूप लागेल. त्यांना तुम्ही सांगाल?"

काचेपलीकडे जोडणीच्या बायका माना खाली घालून नळ्या बसवत होत्या. ताई केबिनमधून बाहेर आली. नवीन ड्रायव्हर त्याच दिवशी बाहेर गेला. सोबत काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. तिने लिहिलं, किरकोळ सुधारणा. ते शब्द मालकाने सांगितले होते, पण बोटं तिची होती.

तरी एक रजा टाकून, मालकाला न सांगता, ती फुंकणी घेऊन भरपाईच्या कचेरीत गेली. अपिलांचा डॉक्टर कमी बोलणारा होता. तिने जुना ड्रायव्हर घातला, रबरी फुग्यातून अगदी हळू हवा सोडली, मग डॉक्टरलाच फुंकायला लावलं. आजाऱ्याचा आकडा डॉक्टरच्या नावावर आला. त्याने ते पुन्हा करून बघितलं.

"असं होऊ शकतं हे मला पटलं," तो म्हणाला. "त्या दिवशी असं झालं हे अजून पटलेलं नाही."

ती निघायला उठली तेव्हा त्याने तिला परत बसवलं. त्याचं म्हणणं असं की धुळीने गेलेलं फुफ्फुस पुन्हा भरून येत नाही. तुमच्या भावाच्या मागे जो उभा होता त्याला इथे आणा. त्याचा आकडा आज चांगला निघाला, तर त्या दिवशीचा आकडा त्याचा नव्हता. मग तो कुणाचा होता हे मला कुणी सांगायला नको. अपील त्या एका फुंकरीवर सुटेल.

जोडीदार फाउंड्रीच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेला असायचा. गळ्यात शिट्टी, अंगावर आकाराला मोठा कोट. ताईला बघून उठला, खुर्ची पुसून पुढे केली. म्हणाला, ताई, तुम्ही बसा, मी उभा राहतो, उभं राहायची सवय आहे. तिने त्याला सरळ सांगितलं. आडवळणाने सांगण्यासारखं ते नव्हतंच.

तो ऐकत राहिला. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला, थोडा वेळ धरून ठेवला. आपल्याच छातीची तपासणी करत होता.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही."

"आणि मी रोज सकाळी थुंकी बघतोय. लाल आली का, लाल आली का."

आकडा वाईट आल्यावर त्याने मुलीचं लग्न घाईने उरकून टाकलं होतं, पहिल्या आलेल्या स्थळाला. मुलाला शाळेतून काढून गॅरेजमध्ये चिकटवलं होतं. बाप किती दिवसांचा सोबती, म्हणून. हे त्याने तक्रार म्हणून नाही, केलेल्या कामांची उजळणी करावी तसं सांगितलं. तेवढ्यात ट्रक आला, त्याने दांडी उचलली, ट्रक आत सोडला, दांडी खाली घेतली. परत आला तेव्हा चेहरा बदललेला होता.

"छाती चांगली निघाली की मला परत चाकावर घालतील, ताई."

तिने गेटमधून आत घासाईच्या बाजूला बघितलं. घासाईला माणूस मिळत नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"येतो मी," तो शेवटी म्हणाला. "त्याचं आहे ते त्याला मिळालं पाहिजे."

तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो धाकट्याला भेटायला आला. धाकट्याने ताईला औषधाच्या दुकानात पिटाळलं, घरात असलेलीच गोळी आणायला. ती परत आली तेव्हा दोघं गप्प बसले होते, एक खिडकीबाहेर बघत, एक फरशीकडे. इतक्या वर्षांचे एका दांड्यावरचे. बोलायला काय उरलं असणार, असं तिला वाटलं. तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत डॉक्टरने जोडीदाराच्या नाकाला चिमटा लावला, नळी हातात दिली. कॉम्प्युटरवर नवीन ड्रायव्हर होता. ताई स्क्रीनसमोर बसली होती. डॉक्टरने बटण दाबलं. आकडा आधी आला नाही. फुंकर संपली, मग आला, ज्याचा त्याला, अगदी वेळेवर. आकडा वाईट होता. आणि त्याच्याखाली यंत्राने शब्द दाखवले, अपुरा प्रयत्न.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाला.

ज्याने आयुष्यभर पोटाने लोखंड रेटलं त्याचं पोट फुंकताना आत कसं जातं ते ताईने घरी पाहिलेलं होतं. जोडीदाराचे गाल फुगले, मानेची शीर फुगली, पोट जागचं हललं नाही. अंगचोरी त्याला येत नव्हती. त्याने ती आयुष्यात केली नव्हती, म्हणून इतकी उघडी दिसत होती. अपुरा प्रयत्न. तिसऱ्यांदाही अपुरा प्रयत्न. यंत्र आता खोटं बोलत नव्हतं.

डॉक्टरने पेन उचललं. जोडीदार चिमटा काढून, कुणाकडे न बघता दुसऱ्या दाराने बाहेर पडला. "निष्कर्ष निघाला नाही, असं लिहितो," डॉक्टर ताईला म्हणाला. "मुद्दाम केलं असं लिहिलं तर त्याचं गेटही जाईल." तो थोडा थांबला, तिने काही म्हणावं म्हणून असेल. तिने वायर गुंडाळली.

घरी धाकटा जागाच होता. ती चपला काढत असतानाच त्याने विचारलं, "नीट फुंकला नाही ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच शिकवलं त्याला. गाल फुगव, पोट सोडून दे. तेही त्या मठ्ठाला धड जमेना. दोनदा करून घेतलं."

ती दारातच उभी राहिली. ओरडण्याइतकाही जोर तिच्यात नव्हता. "मग मी इतके दिवस मर मर मरत होते ते कशासाठी?"

"यंत्रासाठी. ते तर नीट झालं." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने मस्करी आवरती घेतली. "ताई, दांडा एक होता आमचा. मी बंद केला की तो थांबायचा. पहिल्यांदाच असं झालंय की मी थांबलोय आणि तो चालू आहे. राहू दे की."

"आणि भरपाई?"

"भरपाई घेऊन मी काय करणार? फुंकून टाकणार?" तो हसला आणि हसण्यातून खोकला उठला. तिने पिशवी खाली ठेवली, त्याला पुढे वाकवलं आणि पाठ थोपटायला घेतली. हात जरा जास्तच जोरात पडत होता. त्याने तक्रार केली नाही.

अपील फेटाळल्याचा कागद पंधरवड्याने आला. कारखान्यात फुंकण्या बनत राहिल्या. रंगाच्या कारखान्यातल्या नर्सने फोन करून आता ठीक चाललंय असं कळवलं आणि मालकाने ते सगळ्यांना वाचून दाखवावं तसं सांगितलं. ताईला थांबाबाई म्हणणं हळूहळू बंद पडलं, कारण ती थांबा म्हणायची बंद झाली होती. मालक पाठवा म्हणाला की ती पाठवायची. आपण ज्या रांगा कधी पाहिल्या नाहीत त्यांत कोण कुणाच्या मागे उभा असेल, हा विचार बसमध्ये यायचा, आणि उतरायचा थांबा आला तरी संपलेला नसायचा.

थंडी पडली आणि धाकट्याला नुसत्या हवेवर भागेना. ताई वर्षानुवर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला टाकत होती, तळमजल्यावरची एखादी खोली घ्यायची म्हणून, म्हणजे त्याला रस्ता दिसला असता, दारात खुर्ची टाकून बसता आलं असतं. ती खोली गेली. त्या पैशांतून प्राणवायूचं यंत्र आलं. गाडीवाल्याने ते खाली फुटपाथवर उतरवलं आणि जिना चढायचं आमच्यात येत नाही असं सांगून तो निघून गेला. कुणी कळवलं कोण जाणे, जोडीदार आला. त्याने यंत्र खांद्यावर घेतलं आणि तीन जिने चढून आला, एकाही वळणावर न टेकवता. ताई त्याच्या मागून चढत होती. दारात त्याने ते अलगद खाली ठेवलं. त्याला धाप लागली नव्हती. धाकट्याने ते बघितलं, ताईने बघितलं.

तिच्या इतक्या वर्षांच्या पगाराने शेवटी घेतलं ते हे: गुडघ्याएवढ्या उंचीचा, चाकं लावलेला एक राखाडी डबा, जो त्या खोलीतलीच हवा आत ओढतो आणि गाळून, एका बारीक नळीतून, तिच्या भावाला परत देतो.